ड्यूक जन्मतो, डॉक्टर घडतो

फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही विज्ञान कादंबरी १९६५ साली आली. तिच्यातल्या साम्राज्याच्या कालगणनेप्रमाणे कथा घडते वर्ष १०१९१ मध्ये. माणूस दूरच्या ग्रहांवर राहतो आहे. आणि सत्ता कोणाकडे? पादिशाह सम्राट, ड्यूक आणि बॅरन यांच्याकडे! पादिशाह फारसीतून उचललेला, ड्यूक-बॅरन युरोपच्या सरंजामशाहीतले, तर ड्यूकच्या घराण्याचे ‘अट्रेडीज’ हे नाव ग्रीक पुराणकथेतल्या राजा अट्रियसच्या वंशाचे. यंत्रे नवी, वंशावळ जुनीच.

मित्रांनो, हा नुसता लेखकाचा नावांचा खेळ समजू नका. नावावरून पायरी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात बारशाचाही नियम आहे: ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे तिरस्कार दाखवणारे.

हर्बर्ट यांना हे कळत नव्हते असे मात्र नाही. वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांचा प्रमुख ‘नाएब’ असतो. आपल्या नायब तहसीलदारातला तोच अरबी शब्द. त्यांच्यात ‘शॅडाउट’ ही मानाची पदवी आहे, अर्थ विहिरीतून पाणी काढणारा. पाण्याला हात लावणारा तिथे मानाचा! १९२७ चे चवदार तळे ठाऊक असलेल्यांनी इथे जरा थांबावे.

पण शेवट बघा. फ्रेमेनांच्या बळावर नायक पॉल सम्राटाला नमवतो आणि गादीसाठी लग्न ठरवतो राजकन्या इरुलानशी. त्याच्या मुलाची आई असलेल्या फ्रेमेन चानीला कसलीच पदवी नाही. रक्त सांडायला फ्रेमेन, सोयरीक मात्र घराण्याशी.

उर्सुला ले ग्विन यांनी ‘द डिस्पोझेस्ड’ (१९७४) मध्ये वेगळी वाट धरली. तिथे अनारेस ग्रहावर संगणक प्रत्येक मुलाला जिवंत माणसांत दुसऱ्या कोणाचेही नसलेले छोटेसे नाव देतो. घराणे नाही, आडनाव नाही. (आडनाव विचारून जात काढणाऱ्यांची पंचाईतच!) तिथला शास्त्रज्ञ शेवेक शेजारच्या ग्रहावर जातो तेव्हा लोक त्याला ‘डॉक्टर’ म्हणतात, आणि तो तेही नाकारतो.

इथे मला शेवेकचे पटत नाही. आपल्या संविधानाचे कलम १८ राज्याला पदव्या देण्यास मनाई करते, पण लष्करी आणि विद्याविषयक सन्मान वगळून. शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसवलेल्या मुलाने पुढे कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून मिळवलेला ‘डॉक्टर’ ड्यूकच्या रांगेत कसा बसवायचा?