गिऱ्हाईक आणणारं पोस्टकार्ड : उरलेल्या कागदांवरून इतिहास लिहिताना

पीएचडीसाठी विषय शोधताना आपली नजर आधी मोठ्या गोष्टींकडे जाते. आज मुद्दाम एक छोटा प्रश्न घेऊ. स्वतःचं काम दाखवणारी पोस्टकार्डं अनोळखी दुकानदारांना पाठवून एखाद्या चित्रकाराला किंवा छोट्या छापखान्याला नवं काम मिळायचं का? आज हेच फ्रीलान्स डिझायनर करतो तेव्हा आपण त्याला 'डायरेक्ट मेल' म्हणतो. गोंदियासारख्या गावात हा प्रश्न अगदी रास्त आहे. बिडीच्या बंडलावर लेबल लागतं, तांदळाच्या पोत्यावर मार्का लागतो, दुकानावर पाटी लागते. हे सगळं कुणीतरी काढून दिलेलं असतं. त्या माणसाला गिऱ्हाईक कसं सापडलं?

आधी किंमत बघू. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी आलं, किंमत पाव आणा. साध्या पत्राला तेव्हा अर्धा आणा पडायचा, म्हणजे कार्ड निम्म्यात. त्याच्या दोन वर्षं आधी, १८७७ मध्ये, व्हीपी सुरू झाली होती : माल टपालाने येणार आणि पैसे पोस्टमनच्या हातात द्यायचे. या दोन्ही सोयींमुळे दूरचा विक्रेता आणि तालुक्याचं गिऱ्हाईक एकमेकांना न भेटता व्यवहार करू शकले.

आता टपालखात्याचं अलीकडचं दरपत्रक घ्या. साधं कार्ड ५० पैसे, छापील मजकुराचं कार्ड ६ रुपये. हिशोब करा : हाताने लिहिलेली १०० कार्डं ५० रुपयांत जातात, तीच छापली तर ६०० रुपये लागतात. बारापट फरक! साध्या कार्डावर सरकार तोटा सोसतं, ते सामान्य माणसाच्या खुशालीसाठी. धंद्याच्या छापील मजकुराला ती सवलत नाही. २००२ मध्ये आलेलं मेघदूत कार्ड तर २५ पैशांना मिळायचं, कारण पत्त्याच्या बाजूला खात्याने जाहिरातीसाठी जागा विकली होती. म्हणजे दरपत्रक हेसुद्धा एक ऐतिहासिक साधन आहे. पोस्टकार्डाचा धंद्यासाठी वापर होत होता, हे त्यावरून कळतं. पण त्या वापराने गिऱ्हाईक आलं की नाही, हे त्यावरून अजिबात कळत नाही. इथे घाई करू नका.

मी विज्ञान शाखेतून आलोय, त्यामुळे मला लगेच छेद आठवतो. समजा, तुम्हाला एका जुन्या दुकानात दहा जाहिरात-कार्डं मिळाली आणि दहाही कार्डांवरून पुढे काम दिलं गेलं होतं. 'शंभर टक्के यश' असं लिहाल का? अंश तुमच्या हातात आहे, पण छेद कुठाय? मुळात शंभर कार्डं टाकली होती की दहा हजार, यावर उत्तर पूर्ण बदलतं.

शिवाय ती दहा कार्डं उरली का, हेही विचारायला हवं. आपल्याकडे दुकानात आलेली कार्डं आकड्याच्या तारेत ओवून ठेवायची पद्धत होती. तारेत काय जायचं? ऑर्डर, भाव, उधारीचा तगादा, म्हणजे पुन्हा लागेल ते. नको असलेली जाहिरात चुलीत किंवा रद्दीत. म्हणून तार ही आलेल्या टपालाची नोंद नव्हे, ती दुकानदाराने केलेली निवड आहे.

हा फरक नीट समजायला गोंदियाबाहेरचं, चांगली नोंद असलेलं एक उदाहरण घेऊ. लोखंडी नांगर आणि उसाचे चरक विकणाऱ्या किर्लोस्कर कारखान्याने १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते आणि कारखान्याच्या जाहिरातीचं कामही बघायचे. गिऱ्हाइकांपर्यंत कारखान्याची माहिती पोचवणारं हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. वाचनालयांनी अंक बांधून ठेवले, म्हणून आज आपण त्यावर लिहू शकतो. पाटी रंगवणाऱ्याचं कार्ड कुणी बांधून ठेवलं नाही. त्याचा प्रयत्न फसला असं यावरून ठरत नाही. पण फक्त उरलेल्या कागदांवर विसंबलो, तर आपला इतिहास आपोआप मोठ्यांचा आणि यशस्वी झालेल्यांचा होतो. मला यातली खरी जोखीम हीच वाटते.

मग गोंदियात काम कसं कराल? कार्ड हातात आलं की आधी पत्ता वाचा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्याआधी 'जि. भंडारा' लिहायचे. 'मध्यप्रदेश' असेल तर काळ साधारण १९५६ च्या आधीचा, कारण त्या वर्षी विदर्भ मुंबई राज्यात गेला. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा, तेव्हा ४४१६०१ दिसलं तर कार्ड त्यानंतरचं. उलट मात्र धरू नका. पिनकोड न लिहिणारे आजही आहेत. दर आण्यात की नव्या पैशात, हेही बघा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली.

मग छेद शोधा. तो दुकानात नाही, पाठवणाऱ्याकडे असतो. छापखान्याच्या ऑर्डरवहीत 'कार्डं, इतके नग' अशी नोंद सापडू शकते. व्यापाऱ्याच्या खर्चवहीत टपालखर्चाचं खातं असू शकतं. एका बाजूला नग आणि तिकिटांचा खर्च, दुसऱ्या बाजूला त्यानंतरच्या महिन्यांतली नवी नावं, हे जुळलं तर तुमच्या प्रश्नाला पहिल्यांदा खरं उत्तर मिळेल. वह्या मराठीतच असतील असं समजू नका, हिंदी आणि गुजराती अक्षर वाचायची तयारी ठेवा.

आणि हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. अक्षरजुळणीचे छापखाने बंद पडलेत, जुनी दुकानं विकली जातायत, आणि वह्या किलोच्या भावाने जातात. विषयाचा आराखडा नंतर नीट करता येईल. आधी तुमच्या गावातल्या एका जुन्या छापखान्याच्या मालकाला भेटा, वही बघायला मागा आणि परवानगी घेऊन प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोऱ्या पानांचासुद्धा.