कावेरीकाठचा वसंत

इराणचा नवरोझ वसंतसंपाताला येतो. आपल्या राष्ट्रीय पंचांगानेही १९५७ पासून १ चैत्र २२ मार्चला धरल्यामुळे, राजपत्रावरचे वर्ष आणि इराणी वर्ष जवळजवळ एकदमच सुरू होते. कचेरीत हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही, ही गोष्ट वेगळी. नवरोझाच्या तेराव्या दिवशी मात्र इराणी माणूस घरात थांबत नाही. तेराचा आकडा अशुभ, म्हणून तो दिवस रानात, ओढ्याकाठी घालवावयाचा. त्याचे नाव 'सीझदा बेदर'. 'तेरावा दाराबाहेर', असा त्याचा अर्थ लावतात. आपल्या 'दरवाजा'तला 'दर' तो हाच. सणासाठी ताटलीत रुजवलेले गव्हामसुरीचे अंकुर त्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडतात आणि उपवर मुली गवताच्या पात्यांना गाठी मारतात.

तंजावरास बदली होऊन आलेल्याला हे ओळखीचे वाटेल. तेथे आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, घरोघरची माणसे चिंचेचा, लिंबाचा, दह्याचा भात बांधून घेऊन कावेरीकाठी जमतात. रुजवलेल्या धान्याचे अंकुर नदीत सोडतात. बायका गळ्यात नवा पिवळा दोरा बांधतात. कोणी कोणाकडून घेतले, हा वाद मला व्यर्थ वाटतो. पेरण्यापूर्वी बी रुजते की नाही हे पाहणे कोणत्याही शेतकऱ्याला सुचणारच. आपल्याकडे घटाचे अंकुर दसऱ्याला टोपीत खोवतात, तेही त्याच कुळातले.

विचार करण्याजोगा आहे तो चार महिन्यांचा फरक. चैत्रात तंजावरची कावेरी म्हणजे बहुतेक वाळू. कुर्गच्या डोंगरांत नैऋत्येचा पाऊस कोसळल्यावर तिला पाणी येते. १९३४ साली मेट्टूरचे धरण पुरे झाल्यापासून ते शेतीसाठी सोडण्याची रूढ तारीख १२ जून आहे, अर्थात धरणात साठा असेल तर. येथे हिरवळीचा मुहूर्त सूर्य देत नाही, नदी देते.

एकोजी भोसले १६७५-७६ च्या सुमारास येथे राजे झाले आणि त्यांच्या घराण्याचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्यांच्या मागून आलेल्या मराठी मंडळींनी चैत्री पाडवा बरोबर आणला, तो कोरड्या नदीच्या काठी! पण मायदेशी तरी निराळे काय होते? एकोजींचे थोरले बंधू छत्रपती शिवाजी महाराज यांनी राज्यव्यवहारकोश करवून दरबारी फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. बागाइतदाराच्या तोंडचा 'बहार' मात्र राहिला. फारशीत त्याचा अर्थ वसंत. डाळिंब-संत्र्यांच्या आपल्या बागांत मात्र तो आंबेबहार, मृगबहार आणि हस्तबहार असा तीनदा येतो, आणि त्यांतले दोन पावसाच्या नक्षत्रांचे आहेत.