सारथ्याचे सोबती

वाहन हाकणे हे एकट्या माणसाचे काम आहे, ही समजूत मोटारी आल्यानंतरची. त्यापूर्वी गाडी हाकणाऱ्यास नेहमी कोणीतरी सोबती असे, आणि तो बहुधा चार पायांचा असे. सोलापूर ही कापसाची आणि ज्वारीची पेठ. १८६० च्या सुमारास येथे आगगाडी पोचली आणि १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली. पण स्टेशनापर्यंत आणि गिरणीपर्यंत माल यायचा तो बैलगाड्यांनीच. उन्हाचा ताप नको म्हणून या गाड्या रात्री चालत. दहापंधरा गाड्यांची माळ, आसाखाली टांगलेला कंदील, सर्वांत पुढे वाटेचा माहीतगार गाडीवान, आणि मागचे सारे पोत्यांवर घोंगडी पांघरून घोरत पडलेले. मागची जोडी पुढच्या गाडीच्या उजेडाकडे पाहून चाले. पुढची थांबली की ही थांबे, पुढची हलली की ही हले. पुढच्या वाहनापासून ठरावीक अंतर राखून आपोआप चालणारी मोटार म्हणून आज ज्या सोयीच्या पानपानभर जाहिराती येतात, ती सोय आमच्या आजोबांच्या खिलारी जोडीस उपजत अवगत होती.

या सोबतीचा धोकाही त्या लोकांना ठाऊक होता. मध्यरात्री एखाद्या खोडकर पोराने पहिल्या जोडीची वेसण धरून ती हळूच उलटी फिरवावी, मागच्या साऱ्या गाड्यांनी इमानेइतबारे तिच्यामागून वळावे, आणि पहाटे जागे झालेल्या गाडीवानांना समोर आपल्याच गावाची वेस दिसावी, अशा गोष्टी थोरांकडून पुष्कळांनी ऐकल्या असतील. खऱ्या किती आणि रचलेल्या किती, हा प्रश्न वेगळा. बैलाचा दोष त्यात काहीच नव्हता. त्याने आपले काम चोख केले होते. झोपला होता तो माणूस.

मोटार आली आणि हा सोबती गेला. इंजिनाला वेग होता, पण डोळे नव्हते. हिंदुस्थानात मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ साली झाला, आणि रस्त्यावर जे काही होईल त्याला परवानाधारक चालक जबाबदार, ही गोष्ट कागदावर पक्की झाली. तरीही चालक एकटा राहिला नाही. त्याच्या डाव्या अंगाला एक पोरगा येऊन बसला. त्याला सारे जण क्लीनर म्हणू लागले.

क्लीनर या शब्दाने त्या पोराच्या कामाची निम्मीदेखील कल्पना येत नाही. काच पुसणे हे त्यातले सर्वांत हलके काम. थंडीत इंजिन धरत नसेल तर हँडल मारायचे, रेडिएटरात पाणी घालायचे, घाटात गाडी मागे सरू लागली की उडी टाकून चाकाखाली धोंडा लावायचा. उजवीकडे बसलेल्या चालकाला डावी बाजू दिसत नाही, म्हणून खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून दारावर थाप मारायची. एका थापेचा अर्थ एक, दोन थापांचा दुसरा. आणि गाडी मागे घेताना मागे उभे राहून ते जगप्रसिद्ध ‘येऊ द्या, येऊ द्या’! १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एस.टी.ची पहिली गाडी सुटली; त्या एस.टी.त क्लीनरच्या या कामाचा मोठा वाटा वाहकाकडे आला. त्याची घंटी आणि त्याची शिट्टी हे चालकाच्या पाठीला फुटलेले कान होत. क्लीनर मात्र ट्रकवरच राहिला, आणि चारसहा वर्षे डावी बाजू सांभाळून एके दिवशी उजव्या बाजूला जाऊन बसला. ट्रक चालवण्याचे दुसरे विद्यालय आपल्याकडे फारसे नव्हतेच.

ज्या गाडीत क्लीनरला मुळी जागाच नव्हती, ती म्हणजे घरगुती छोटी मोटार. तिच्या इतिहासात सोलापूरचे नाव अगदी ठळक आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. हा गृहस्थ १९३९ साली अमेरिकेस गेला तो मोटारीच्या कारखान्याची बोलणी करायला. त्याच प्रवासात विल्यम पॉली नावाचा विमानांचा व्यापारी भेटला आणि १९४० साली बंगळुरात कारखाना उभा राहिला तो विमानांचा! मोटारीच्या कारखान्यास मात्र युद्धकाळातल्या सरकारने आधार दिला नाही. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. वालचंद १९५३ साली गेले. ज्या इटालियन घराण्याच्या फियाट गाडीने पुढे मध्यमवर्गाचे मन जिंकले, आणि जिला १९७० च्या दशकात पद्मिनी हे नाव मिळाले, तिचा सुवर्णकाळ त्यांना पाहायला मिळाला नाही.

या पद्मिनीत चालकाच्या मदतीला काय होते? एक आरसा आणि एक हॉर्न. चाक वळवायला मनगटात बळ लागे, गिअरचा दांडा चाकाच्या मानेलाच जोडलेला असे. बाकीची मदत कुटुंब करी. पुढच्या सलग बाकावर बसलेल्या मंडळींपैकी एक डावीकडे पाही, एक काचेवरची वाफ पुशी, आणि ‘अहो, जरा हळू’ हा वेगाचा इशारा देणारी यंत्रणा तर बहुतेक घरांतून कायमची बसवलेलीच होती. या गाडीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा हळहळलेल्यांत गाडी कधीही न चालवलेली माणसेच अधिक असावीत.

यंत्राने सोबत करावी ही कल्पना कोणाच्या डोक्यात आली, तर एका अंध माणसाच्या. राल्फ टीटर हा अमेरिकन इंजिनिअर पाच वर्षांचा असताना अपघाताने दृष्टी गमावून बसला होता. त्याचा वकील मित्र मोटार चालवताना बोलू लागला की वेग कमी करी आणि ऐकू लागला की वाढवी. शेजारी बसलेल्या टीटरला ते हेलकावे सोसत नसत. पाहणाऱ्याला जे कळले नसते ते न पाहणाऱ्याला कळले, आणि त्याने वेग आपोआप एकसारखा राखणारी कळ तयार केली. १९५० साली तिचे पेटंट मिळाले आणि १९५८ साली क्रायस्लरने ती आपल्या गाड्यांत बसवली. पुढे १९७८ साली जर्मनीत चाके जाम न होऊ देणारा ब्रेक मोठ्या मोटारींत आला. १९८० च्या दशकात अर्न्स्ट डिकमान्स या जर्मन प्राध्यापकाने कॅमेऱ्याने रस्ता वाचत स्वतः चालणारी गाडी मोकळ्या महामार्गावर पळवून दाखवली. आज आरशामागे काचेला चिकटलेला जो छोटा डोळा दिसतो, त्याचा वंश तेथवर जातो.

आपल्याकडे हे सोबती कायद्याच्या दारातून आत शिरले. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या मोटारींना हा ब्रेक सक्तीचा झाला, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून पट्ट्याची आठवण, वेगाचा इशारा आणि मागच्या अडथळ्याची सूचना. कॅमेरा आणि रडार प्रथम मोठ्या, श्रीमंती गाड्यांत आले. २०२३ मध्ये चार मीटरांच्या आतल्या ह्युंडाई व्हेन्यूत आणि २०२४ च्या डिसेंबरात होंडा अमेझसारख्या छोट्या गाडीत, एकाच कॅमेऱ्याच्या बळावर, ते मध्यमवर्गाच्या हाती पोचले.

अशीच एक छोटी गाडी मी गेली दोन वर्षे वापरीत आहे. कर्णाने शल्याला सारथी म्हणून मागून घेतले आणि शल्याने भर रणात त्याचा पाणउतारा आरंभला, हा प्रसंग मला पहिल्या महिन्यात वरचेवर आठवे. वेग ऐंशीच्या वर गेला की दर मिनिटाला टोचणी, एकशेवीसच्या वर अखंड आक्रोश. शेजारच्या आसनावर दहा किलो ज्वारीची पिशवी ठेवली तर तिलाही पट्टा बांधा म्हणून हट्ट. पुणे रस्त्यावर खड्डा चुकवायला किंवा उलट्या अंगाने येणाऱ्या दुचाकीला वाट द्यायला दिवा न दाखवता जरा सरकावे, तर हातातले चाक हळूच उलट ओढले जाते. पांढऱ्या पट्ट्यांच्या आत राहावे एवढेच त्याला शिकवलेले आहे. शहरात तर पट्टेच नसतात, तेव्हा ते मुकाट्याने बसते. महिन्याभराने मात्र त्याची टोचणी बोचेनाशी झाली, आणि लांबच्या पल्ल्यावर डोळा जड होऊ लागताच त्याने केलेला पुकारा मला बरा वाटू लागला.

आमच्या गल्लीत एक वयस्क गृहस्थ आहेत. चौदाव्या वर्षी क्लीनर म्हणून ट्रकवर चढले आणि चाळीस वर्षे चालक म्हणून हैदराबाद-मुंबई करून उतरले. त्यांना सारे अण्णा म्हणतात. नव्या ब्रेकवरून आमचा वाद झाला. त्यांची शिकवण अशी की ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून धरायचा नाही, मारायचा आणि सोडायचा, मारायचा आणि सोडायचा. मी म्हणालो, हे मारणे-सोडणे आता यंत्रच सेकंदात कित्येक वेळा करते. आपण पाय घट्ट दाबून धरायचा आणि पायाखाली थरथर झाली तरी घाबरून उचलायचा नाही. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “काय ओ गुरुजी, चाळीस वर्षे पायानं शिकलो ते आता पायानंच विसरायचं म्हणा की!”

ऊसवाहतुकीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, तेव्हा आमच्या जिल्ह्यात या सोबत्यांची खरी परीक्षा होते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा असेल तर असेल, दोन्ही बाजूंनी उसाचे शेंडे लोंबत. कॅमेऱ्याला अंधारात, धुळीत, पावसात नीट दिसेलच असे नाही, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेतच छापलेले आहे. आणि काही झाले तरी जबाबदारी चालकाचीच, हे तर पानोपानी. क्लीनर चुकला तर शिव्या खाई, कधी मारही खाई, पण ट्रक उलटला तर तो त्याच ट्रकमध्ये असे. काचेवरच्या डोळ्याला ही धास्ती नाही. गेल्या हंगामात मोहोळच्या अलीकडे उसाच्या बैलगाड्यांची रांग पुढे आली, तेव्हा अंतर राखून चालण्याची माझ्या गाडीची कळा एक शिट्टी देऊन संपली. ताशी तीस किलोमीटरांच्या खाली तिला चालता येत नाही. बैलांमागून चालायचे ते मलाच चालावे लागले.

माझ्या शाळेतून नववीत सुटलेली काही मुले क्लीनर झाली. त्यांतली दोघे आज स्वतःच्या ट्रकवर आहेत. तो रस्ता आता अरुंद होतो आहे. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्रातल्या मालवाहतूकदारांनी संप केला, तेव्हा ई-चलानाच्या तक्रारीबरोबरच क्लीनरची सक्ती रद्द करा ही त्यांची मागणी होती. मालकांची अडचण खोटी नाही. मजुरी परवडत नाही आणि पोरे मिळत नाहीत. नितीन गडकरींनी २०१७ साली सांगितले होते की चालकांचा रोजगार घेणाऱ्या चालकाविना गाड्या येथे येऊ देणार नाही. चालकाची काळजी घेणारे निदान कोणी बोलले. पण डाव्या बाजूच्या पोराबद्दल तेवढ्या मोठ्याने कोणी बोलल्याचे मला आठवत नाही, आणि उद्याचा चालक कोणत्या बाकावर बसून शिकणार, हे मी शाळामास्तर असूनही मला सांगता येणार नाही.

नवरात्रात अण्णांना घेऊन तुळजापूरला गेलो. वाटेत त्यांनी सारी यंत्रणा न्याहाळली, कॅमेऱ्यावर बोट ठेवून “ह्याला पगार किती?” म्हणून विचारले, आणि डाव्या खिडकीतून बाहेर पाहत बसले. देवीच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळाली ती दोन जीपगाड्यांच्या मधे, मागे गटार. मी मागे घेऊ लागलो तोच अण्णा दार उघडून उतरले आणि पाठीमागे जाऊन उभे राहिले. “येऊ द्या, येऊ द्या... डावं मारा... येऊ द्या.” पडद्यावर ते तांबड्या रेघेच्या आत उभे दिसत होते, हात हलवीत, आणि यंत्र त्यांनाच अडथळा समजून एकसारखे ओरडत होते.