डोळ्यातला अमीबा आणि स्विमिंग पूलचं औषध

गेल्या महिन्यात रिलीजच्या धावपळीत दोन रात्री कॉन्टॅक्ट लेन्स न काढताच झोपलो. वर तशीच आंघोळही केली. तिसऱ्या दिवशी उजवा डोळा लालभडक! डॉक्टरीणबाईंनी दुखण्याबद्दल एक प्रश्न विचारला आणि पाण्याबद्दल चार. "लेन्स घालून आंघोळ करता? डबी नळाखाली धुता?" मी हो म्हणालो आणि त्यांनी कपाळाला हात लावला. सुदैवाने माझं ओरखड्यावर निभावलं, पण त्यांच्या तोंडून आलेला एक शब्द डोक्यात बसला: अकॅन्थअमीबा. मग काय, सगळा वीकेंड त्यातच गेला.

हा प्राणी काही दुर्मिळ नाही. माती, तळी, नळ, पाण्याच्या टाक्या, सगळीकडे असतो. १९३० साली आल्डो कॅस्टेलानी यांना तो यीस्टच्या कल्चरमध्ये सापडला. पण तो डोळ्याला खातो हे कळायला आणखी चाळीसेक वर्षं लागली. १९७३ मध्ये टेक्सासमधल्या एका पशुपालकाच्या डोळ्यात तो ओळखला गेला, आणि १९७४ मध्ये इंग्लंडमधले रुग्ण 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा काचेसारखा पडदा. त्यावर ओरखडा असला की हा आत शिरतो. वेदना भयंकर. सुरुवातीला बऱ्याचदा हर्पिस समजून उपचार होतात आणि तेवढ्यात आठवडे निघून जातात. त्यात स्टिरॉइडचे थेंब पडले तर आणखीच पंचाईत. आणि खरी गोम अशी, की संकट आलं की हा अमीबा स्वतःभोवती दुहेरी भिंतीचं कवच करून झोपी जातो. औषध थांबलं की पुन्हा जागा! पहिली दहाएक वर्षं त्यामुळे डॉक्टर जवळजवळ हतबल होते. कॉर्निया बदलायचा, तर नव्या कॉर्नियातही हा हजर. काहींचा डोळाच काढावा लागला.

कोंडी फुटली १९८५ साली, लंडनमध्ये. राइट, वॉरहर्स्ट आणि जोन्स या तिघांनी नुसत्या औषधांनी बरा झालेला रुग्ण नोंदवला. औषध कुठलं? ब्रोलीन! इंग्लंडमध्ये डोळे आले की लोक दुकानातून चिठ्ठीशिवाय आणायचे तेच थेंब. त्यातलं प्रोपामिडीन हे पेंटामिडीनचं भावंड, आणि पेंटामिडीन म्हणजे काळा आजारावरचं जुनं औषध. जोडीला निओमायसिन.

नेमक्या याच काळात सॉफ्ट लेन्सची लाट आली होती. अमेरिकेत लोक मिठाच्या गोळ्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून घरीच लेन्सचं सलाइन बनवायचे. पैसे वाचायचे, पण त्या पाण्यात अमीबा सुखाने वाढायचा. रुग्ण एकदम वाढले. भारतात मात्र चित्र वेगळं. लेन्स कधीही न लावलेल्या माणसांनाही हा आजार होतो, हे इथल्या डॉक्टरांनी १९९० साली लिहून ठेवलं. डोळ्यात गेलेली माती, काडी, गढूळ पाणी एवढं पुरतं. म्हणजे आपल्याकडे हा फॅशनचा नाही, शेतातला आजार.

प्रोपामिडीन जाग्या अमीबाला मारायचं, कवचापुढे मात्र अडखळायचं. १९९२ मध्ये लार्किन, किल्व्हिंग्टन आणि डार्ट यांनी दुसरंच रसायन वापरून दाखवलं: पीएचएमबी. हे कशासाठी वापरतात? स्विमिंग पूलचं पाणी निर्जंतुक करायला! ते पेशीच्या आवरणाला चिकटतं आणि आवरण गळू लागतं. फक्त ०.०२ टक्के, तरी कवचातले अमीबाही मरतात. पण रुग्णाचे हाल बघा. पहिले दोन दिवस दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. पुढे दिवसा दर तासाला, मग हळूहळू कमी करत कित्येक महिने.

आता आमच्या भाषेत सांगायचं तर हा पॅच प्रॉडक्शनवर चालला, पण ऑफिशियल रिलीज कधी झालाच नाही. आजार दुर्मिळ, त्यामुळे परवाना काढायचा खर्च कोण करणार? म्हणून हॉस्पिटलांच्या औषधशाळांतच हे थेंब बनवून दिले जायचे. शेवटी युरोपात मोठी चाचणी झाली. चौपट तीव्रतेचं, ०.०८ टक्क्यांचं पीएचएमबी एकटंच वापरलं आणि ८५ टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये युरोपियन युनियनने त्याला मंजुरी दिली. १९९२ ते २०२४. बत्तीस वर्षं!

एवढी वर्षं कुणीतरी रात्री तीनचा गजर लावून आपल्या माणसाच्या डोळ्यात थेंब टाकत बसलं होतं, आणि बाटलीत होतं ते विनापरवान्याचं, पण डोळा वाचवणारं औषध. हे वाचलं आणि मला माझ्या दोन रात्रींच्या आळसाची लाज वाटली.

असो. लेन्सची जुनी डबी फेकून दिली आहे. तुम्ही लेन्स लावत असाल तर एवढंच करा: हात कोरडे करून मगच लेन्सला लावा, आणि लेन्सला नळाचं पाणी दाखवू नका. डोळ्यात माती गेली आणि दुखणं थांबत नसेल, तर घरातले जुने थेंब न टाकता सरळ डॉक्टर गाठा.