नहपानाची नाणी आणि दक्षमित्रेची खोली

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी सदरहून जवळच्या अजब बंगल्यात मुलांना घेऊन गेले की जुन्या वस्तूंपाशी माझाच पाय अडतो. म्हणून चिटणीसबाईंनी लेख मागितला तेव्हा जुन्या नाण्यांवर लिहायचे ठरविले.

इराणी बादशहाच्या सुभेदाराला ‘क्षत्रप’ म्हणत. शिकंदराने ती बादशाही बुडविली. पुढे तिथल्या पार्स प्रांतात (‘पारशी’ हे नाव त्यावरूनच) स्थानिक राजांनी ग्रीक धर्तीची, पण आरमाईक अक्षरांची नाणी पाडली. क्षत्रप ही पदवी शकांबरोबर आपल्याकडे आली. ती विदर्भापर्यंत पोचली होती. भंडारा जिल्ह्यातील पवनीला महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ सापडला आहे.

यांतला नाशिककडे राज्य करणारा क्षहरात क्षत्रप म्हणजे नहपान. त्याच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूस मुखवटा व ग्रीक अक्षरे, दुसरीकडे बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. एवढ्याशा नाण्यावर तीन लिप्या! गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पाडाव केला, पण नाणी वितळविली नाहीत. त्यांवरच आपला शिक्का मारला. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे तेरा हजारांवर नाणी मिळाली, त्यांत नऊ हजारांहून अधिक अशी दुहेरी छापाची होती.

हा पैसा फिरत कसा होता, ते नाशिकच्या लेण्यांत कोरले आहे. नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या एका श्रेणीकडे 2,000 कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे 240 झाले. त्यांतून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12. मी पेन्सिल घेऊन हिशेब केला, बरोबर जुळतो. मुद्दल मात्र कधी परत घ्यायचे नाही, अशी अट आहे. आपल्या भिशीत असे कोण करील?

त्याच लेण्यात उषवदाताची पत्नी, म्हणजे नहपानाची कन्या दक्षमित्रा, हिने एक खोली दान दिल्याचा लेख आहे. जवळच्या दुसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख. ती स्वतःला राजाची माता व राजाची आजी म्हणविते आणि मुलाने क्षहरातांचा वंश उखडला, असे अभिमानाने सांगते. नाण्यांवरचे बापाचे नाव शिक्क्याखाली गेले, पण लेकीचे नाव तिच्या खोलीच्या दारावर कोणी खरवडले नाही. ते अजून वाचता येते.