टिकलेली ध्वनियंत्रे आणि ओसरलेल्या लाटा

ध्वनियंत्रांच्या बाबतीत ‘जुने’ आणि ‘टिकाऊ’ हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. अडगळीत सापडलेले प्रत्येक यंत्र जपण्याजोगे नसते, आणि दुकानात नव्याने मांडलेले प्रत्येक यंत्र क्षणभंगुर नसते. तरीही १९५० ते १९८० या तीन दशकांत तयार झालेली काही मोजकी प्रतिमाने आजही रोजच्या वापरात आहेत, त्यांचे सुटे भाग मिळतात आणि त्यांची किंमत वाढत आहे. त्याच काळात, आणि त्यानंतरही, मोठा गाजावाजा करून आलेल्या अनेक पद्धती पाच-दहा वर्षांत नाहीशा झाल्या. हा फरक नशिबाचा नव्हे. त्यामागची बहुतेक कारणे यंत्राच्या रचनेत सापडतात.

टर्नटेबलचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. इंग्लंडमधील स्विंडन येथील गॅरार्ड कंपनीचे ‘३०१’ हे प्रतिमान १९५०च्या दशकाच्या आरंभी आले. जड धातूची थाळी, तिच्या आतल्या कडेला टेकणारे रबरी चाक, त्या चाकाला फिरवणारी भक्कम मोटर आणि मोटरच्या दांड्यावरची पायऱ्यांची पुली, एवढीच त्याची यंत्रणा. थाळीचा मधला दांडा ज्या बेअरिंगमध्ये फिरतो ते उघडून साफ करता येते, तेल किंवा ग्रीस बदलता येते. रबरी चाक झिजले तर नवे बसते. एखादा कुशल लेथ-कारागीर यातील जवळजवळ प्रत्येक भाग पुन्हा घडवू शकतो. म्हणूनच बंद पडून तीस वर्षे धूळ खात असलेले ‘३०१’ दोन दिवसांच्या कामानंतर पुन्हा फिरू लागते. स्वित्झर्लंडच्या थोरेन्स कंपनीचे १९५७चे ‘टीडी १२४’ याच जातकुळीतले.

जपानी टेक्निक्सचा मार्ग निराळा होता. १९७० साली त्या कंपनीने ‘एसपी-१०’ आणले. त्यात पट्टा किंवा चाक यांची मध्यस्थी नव्हती. मोटरचा दांडा हाच थाळीचा दांडा होता. १९७२ साली आलेले ‘एसएल-१२००’ घरगुती श्रोत्यांसाठी होते. प्रत्यक्षात ते आणि १९७९ची त्याची दुसरी आवृत्ती नृत्यगृहांतील डीजेंनी उचलली. रात्रभर हाताने थाळी थांबवणे, उलटी फिरवणे, पुन्हा सोडणे हा छळ तिने वर्षानुवर्षे सोसला. २०१० साली उत्पादन थांबले, तेव्हा ते कायमचे संपले असे मानले गेले. २०१६ साली ते पुन्हा सुरू झाले. ग्लासगोच्या लिन कंपनीचे ‘एलपी १२’ १९७०च्या दशकाच्या आरंभापासून आजवर त्याच नावाने तयार होत आहे आणि नवे सुधारित भाग जुन्या यंत्रातही बसवता येतात. ग्राहकाला दर पाच वर्षांनी नवे यंत्र घ्यायला लावण्याच्या व्यापारी रीतीला हा सरळ छेद आहे.

स्पीकरमध्ये बीबीसीच्या ‘एलएस३/५ए’चे नाव घ्यावे लागते. १९७०च्या दशकात बाह्यध्वनिमुद्रणाच्या गाडीत, जागेच्या अडचणीत बसणाऱ्या अभियंत्यासाठी हे छोटे स्पीकर बीबीसीने आखले आणि त्यांच्या निर्मितीचे परवाने वेगवेगळ्या कंपन्यांना दिले. मोठा खर्ज त्यांच्याकडून मिळत नाही, मोठ्या आवाजात ते दमतात. मात्र मानवी कंठ ते विलक्षण खरेपणाने ऐकवतात. बातमीदाराचा आणि गायकाचा आवाज तपासण्यासाठीच ते बनवले होते. त्यांच्या मुख्य शंकूसाठी कागद न वापरता बेक्स्ट्रीन हे प्लॅस्टिक वापरले होते आणि कडेला कृत्रिम रबर होते. दमट हवेच्या प्रदेशात याचे महत्त्व लगेच कळते. कोकणपट्टीत आणि गोव्यात कागदी शंकूंना पावसाळ्यात बुरशी धरते. आणि १९७०-८०च्या दशकांत सर्रास वापरलेल्या फोमच्या कडा तर हवा कशीही असो, पंधरा-वीस वर्षांत हात लावताच भुगा होऊन पडतात. फोमची कडा गेली म्हणून स्पीकर टाकून देणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ते टाळता येते. नवी कडा चिकटवणे हे बारीक पण साध्य काम आहे, आणि चुंबक व कॉइल बहुधा शाबूत असतात.

अ‍ॅम्प्लिफायरचे दोन वर्ग करता येतील. सुटे ट्रान्झिस्टर, रोधक आणि धारित्रे यांनी बनलेले यंत्र दुरुस्त होते. त्यातील इलेक्ट्रोलिटिक धारित्रे वीस-तीस वर्षांनी सुकतात, घुमघुम आवाज येऊ लागतो. ती बदलली की यंत्र पुन्हा उभे राहते. याउलट १९८०च्या दशकात स्वस्त पडते म्हणून अनेक जपानी कंपन्यांनी संपूर्ण शक्तिवर्धनाचा भाग एकाच बंद ठोकळ्यात कोंबला. कारागिरांच्या बोलीत त्याला ‘एसटीके आयसी’ म्हणतात. त्यांतील बरेच क्रमांक आता तयार होत नाहीत आणि बाजारात नकली मालाचा सुळसुळाट आहे. बाहेरून तितकेच देखणे असलेले हे यंत्र आतून परावलंबी असते. सीडी प्लेअरच्या लेझर-नेत्राचीही हीच कथा. पन्नाशी उलटलेले टर्नटेबल चालते आणि वीस वर्षांचा सीडी प्लेअर भंगारात जातो, त्याचे कारण आवाजाच्या दर्जात नसून सुट्या भागांच्या उपलब्धतेत आहे.

लाटांचा इतिहास मनोरंजक आहे. १९७०च्या दशकात दोनऐवजी चार दिशांनी संगीत ऐकवणाऱ्या ‘क्वाड्रोफोनिक’ पद्धतीचा बोलबाला झाला. जेव्हीसीची एक पद्धत, सीबीएसची दुसरी, सान्सुईची तिसरी. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट वाजेना. चार स्पीकर मांडायला दिवाणखाने अपुरे पडले, आणि दशक संपायच्या आत सारे आटोपले. गंमत अशी की, या फसलेल्या प्रयोगातून एक वस्तू कायमची टिकली. जेव्हीसीच्या पद्धतीत तबकडीच्या खोबणीत ३० किलोहर्ट्झचा वाहक संकेत कोरलेला असे आणि तो वाचण्यासाठी ‘शिबाता’ नावाच्या खास आकाराच्या हिऱ्याच्या सुईची आवश्यकता भासली. चार दिशांचे संगीत विस्मृतीत गेले. शिबाता सुई मात्र आजही उत्तम कार्ट्रिजमध्ये बसवली जाते, कारण ती साधी दोन दिशांची खोबणही अधिक बारकाईने वाचते.

कॅसेटला मागे टाकण्यासाठी सोनी आणि इतर जपानी कंपन्यांनी १९७६ साली ‘एलकॅसेट’ आणली. आकाराने मोठी, आवाजाने सरस. चार वर्षांत ती बाजारातून गेली, कारण १९६३ची फिलिप्सची साधी कॅसेट तोवर पुरेशी चांगली झाली होती आणि ती खिशात मावत होती. खुद्द फिलिप्सने १९९२ साली काढलेली डिजिटल कॉम्पॅक्ट कॅसेट १९९६पर्यंतच तगली. त्याच वर्षी आलेल्या सोनीच्या मिनिडिस्कने जपानमध्ये बरा संसार केला, इतरत्र ती रुजली नाही. १९८७ची ‘डॅट’ ही डिजिटल फीत व्यावसायिक स्टुडिओंत चालली आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील रात्रभराच्या ट्रान्स मेळाव्यांतही. उन्हात वाकणाऱ्या तबकड्यांपेक्षा कॅसेट आणि डॅट तेथे सोयीच्या ठरल्या. आज डॅटची यंत्रे तयार होत नाहीत आणि त्यांची फिरती हेड दुरुस्त करणारे हात विरळा झाले आहेत. त्या फितींवर ज्यांचे एकमेव ध्वनिमुद्रण आहे, त्यांच्यापुढचा प्रश्न एखाद्या शतकापूर्वीच्या लाखेच्या तबकडीपेक्षा बिकट आहे.

आपल्याकडची सर्वांत मोठी लाट मात्र आकड्यांची होती. १९९०च्या दशकात टू-इन-वनच्या दर्शनी भागावर शेकडो, कधी हजारो वॉट ‘पीएमपीओ’ छापलेले असत. या आकड्याला कोणतेही मान्य प्रमाण नव्हते. क्षणार्धाच्या काल्पनिक शिखराला स्पीकरच्या संख्येने गुणून तो फुगवला जाई. सलग मिळणारी खरी शक्ती, ज्याला ‘आरएमएस’ म्हणत, ती बहुधा काही वॉटच असे. घरच्या खोलीत कानाला भरपूर वाटणारा आवाज दोन-चार वॉटांत निघतो, ही गोष्ट तेव्हा जाहिरातींनी झाकून ठेवली.

१९९०च्या सुमारास सीडीच्या कडेला हिरव्या शाईची पेन फिरवली की आवाज सुधारतो, अशी समजूत पसरली. सीडीवर शून्य आणि एक यांच्या रूपात माहिती असते आणि वाचताना होणाऱ्या चुका दुरुस्त करण्याची गणिती व्यवस्था तिच्यात मुळातच अंतर्भूत आहे. कडेच्या शाईने त्या आकड्यांत फरक पडत नाही. महागड्या स्पीकर-तारांचे माहात्म्यही याच वर्गात मोडते. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या ५ मीटर तारेचा जाण्यायेण्याचा मिळून रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. विजेच्या सामानाच्या दुकानातली तार हे काम चोख करते. अगदी अलीकडे, २०१४ साली मोठ्या घोषणांसह आलेल्या ‘एमक्यूए’ या डिजिटल पद्धतीची कंपनी २०२३ साली प्रशासकांच्या ताब्यात गेली आणि पुढच्या वर्षी टायडल या सेवेनेही ती पद्धत सोडली.

सध्याची लाट दिसायला जुनी आहे. सूटकेसच्या आकाराचे रंगीत रेकॉर्ड प्लेअर आणि पितळी कर्ण्याचे नवे ‘अँटिक’ ग्रामोफोन यांची बाजारात चलती आहे. दोन्ही शोभेसाठी ठीक, ध्वनिमुद्रिकांसाठी घातक. चांगली कार्ट्रिज खोबणीवर दोन-तीन ग्रॅमचा भार टाकते, सूटकेस-प्लेअरमधली त्याच्या दुपटीने टाकते. चावीच्या ग्रामोफोनचा भार तर शंभर ग्रॅमहून अधिक असतो. त्यावर लाँग प्ले तबकडी एकदा वाजली की तिची खोबण कायमची खरवडली जाते. आणि जुने म्हणून सगळे पूज्य मानण्याचेही कारण नाही. पूर्वीच्या स्वस्त प्लेअरमधली क्रिस्टल कार्ट्रिज रॉशेल क्षाराची असे. तो क्षार दमट हवेत विरघळतो. किनारपट्टीवरच्या घरात अशी कार्ट्रिज जिवंत सापडणे कठीणच.

हा सारा विचार केवळ शौकिनांपुरता नाही. गोमंतकातील अनेक घरांत गल्फहून किंवा बोटीवरून आलेल्यांनी आणलेली जपानी यंत्रे आहेत, आणि त्यांच्याशेजारी जत्रेतील नाटकांच्या, देवळातील भजनांच्या, घरच्या बैठकींच्या कॅसेटी आणि स्पूल आहेत. बाजारातील ध्वनिमुद्रिकेची दुसरी प्रत कोठेतरी असते; या फितींची नसते. केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत अंतराळात गेली, तेव्हा ती पाठवणाऱ्यांनी सोबत कार्ट्रिज, सुई आणि १६ २/३ फेऱ्यांच्या गतीची चिन्हांकित सूचनाही ठेवली. तबकडी वाजवण्याचे साधन तबकडीबरोबरच जपले पाहिजे, एवढी दूरदृष्टी घराघरांतून क्वचितच दिसते. फिती राहतात आणि डेक भंगारवाल्याकडे जातो.

डेक चालत नसेल तर बहुधा दोष रबरी पट्ट्याचा असतो. वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर तो डांबरासारखा चिकट होऊन पुलीला लपेटतो. तो स्पिरिटने पुसून नवा घालावा लागतो. त्याआधी मौल्यवान फीत यंत्रात घालू नये. हेडवरची जुनी भुकटी कापसाने साफ करणेही तितकेच आवश्यक आहे. स्पूलच्या फितीला शिर्क्यासारखा वास येत असेल तर तिचा अ‍ॅसिटेटचा पाया कुजू लागला आहे. ती इतरांपासून वेगळी ठेवून सर्वांत आधी डिजिटल करून घ्यावी. काही फितींचा थर चिकट होऊन हेडवर उतरतो, तेव्हा त्या जबरदस्तीने वाजवू नयेत, जाणकाराकडे द्याव्यात.

परदेशातून आलेल्या यंत्रांचा विद्युतदाबही पाहावा लागतो. जपानमध्ये १०० व्होल्ट वापरतात, म्हणून ट्रान्सफॉर्मर हवाच. पण तेवढ्याने भागत नाही. ६० हर्ट्झच्या प्रवाहासाठी पुली बसवलेले टर्नटेबल आपल्या ५० हर्ट्झवर एक षष्ठांश मंद फिरते. काळी चारमध्ये गायिलेले पद मग जवळजवळ पांढरी चारमध्ये ऐकू येते आणि गायक आळसावल्यासारखा वाटतो. दोष गायकाचा नसतो. ५० हर्ट्झची पुली बदलली की तो पुन्हा मूळ स्वरात येतो.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी वेगळी सुई लागते. त्यांची खोबण रुंद असते. लाँग प्लेची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन साठलेल्या धुळीत घासते. रुंद टोकाची सुई आजही विकत मिळते आणि अनेक चालू कार्ट्रिजमध्ये ती सहज बदलता येते. या तबकड्या धुताना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेला कोणताही द्रव वापरू नये, कारण लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचा थेंब आणि मऊ फडके पुरते. कागदी लेबल ओले होऊ देऊ नये. सुकल्यावर तबकड्या एकमेकींवर न रचता उभ्या ठेवाव्यात, आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात तर मुळीच ठेवू नयेत.