फैजपूरच्या भाषणातला स्पेन

फैजपूर आमच्या जळगाव जिल्ह्यातलं. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. नंदलाल बोस यांनी केलेली सजावट, साने गुरुजींनी गावोगाव फिरून केलेली तयारी, हे आपण ऐकत आलोय. पण अध्यक्ष नेहरूंच्या भाषणात स्पेनही होता. तिथली लढाई ही आपलीही लढाई आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. खानदेशातल्या शेतकऱ्याचा स्पेनशी काय संबंध, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा.

उत्तर मला सापडलं ते वेल्सच्या कोळसा खाणीत. जुलै १९३६ मध्ये जनरल फ्रँकोने निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं, हिटलर आणि मुसोलिनीने त्याला विमानं आणि माणसं दिली. सरकारच्या बाजूने लढायला वेल्समधून दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यातले बहुतेक खाणकामगार. जानेवारी १९३७ मध्ये ब्रिटिश सरकारने अशा भरतीवर बंदी घातली. मग सुट्टीच्या तिकिटावर पॅरिस गाठायचं आणि रात्री पायी पिरेनीज डोंगर ओलांडायचा. पैसा? नावापुरता.

१९२६ साली मालकांनी खाणींना टाळं लावलं तेव्हा हे लोक महिनोन्‌महिने उपाशी राहून शेवटी हरले होते. पुढे बेकारी आली. मालकांनी स्वतःच्या पोटातली युनियन उभी केली, तिच्याविरुद्ध कामगार खाणीतून वर न येता आत बसून राहिले. शिवाय १९३४ मध्ये स्पेनच्या अस्तुरियासमधल्या खाणकामगारांचा उठाव लष्कराने चिरडला होता आणि त्या कारवाईची सूत्रं फ्रँकोकडेच होती. अमळनेर-धुळ्याच्या गिरणीत ज्यांनी टाळेबंदी पाहिलीय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता आपल्याला टोचणारी गोष्ट. अस्तुरियासमध्ये आणि पुढे युद्धातही फ्रँकोच्या फौजेत मोरोक्कोचे हजारो मुसलमान शिपाई होते. ‘मूर मुळातच क्रूर’ म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, आणि ‘ते दीनसाठी लढले’ म्हणणाऱ्यांचंही. फ्रँकोने धर्म वापरला हे खरं, १९३७ मध्ये हजला जहाजसुद्धा पाठवलं. पण याच स्पेनने दहा-पंधरा वर्षांपूर्वी रिफच्या डोंगरात अब्दुल करीम खत्ताबींच्या लोकांवर विषारी वायू सोडला होता. त्याच उपाशी गावांतून पगार आणि धान्य दाखवून पोरं उचलली गेली. आणि प्रजासत्ताकाने तरी मोरोक्कोला स्वातंत्र्य कुठे देऊ केलं? ते दिलं असतं तर त्यातले निम्मे तरी घरी बसले असते, असं मला वाटतं.

या युद्धात एक मराठी माणूसही होता, नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार. संघाचे पहिले सरकार्यवाह! लंडनला पत्रकारिता शिकायला गेले आणि १९३७ मध्ये ‘जॉन स्मिथ’ या नावाने थेट स्पेनमध्ये. १९३८ मध्ये पकडले गेले, सान पेद्रोच्या छावणीत कैद भोगली, सुटून मायदेशी आले आणि पुढे कम्युनिस्ट झाले. चीनला गेलेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवर शांतारामबापूंनी सिनेमा काढला. हुद्दारांचं नाव मात्र इकडे कुणाला विचारलं तर अजून ‘कोण हुद्दार?’ असंच ऐकायला मिळतं.